संगणकाच्या भाषा आणि हद्दीचे दगड



किर्लोस्करवाडी आपल्या पलूस तालुक्यातली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊ केला आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे आपला कारखाना आणला. त्याच्या काही वर्षे आधी, बेळगावात असताना, त्यांनी सबंध लोखंडाचा नांगर तयार केला होता. तो विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष कालवले जाते, अशी पुष्कळांची समजूत. आज ते ऐकून हसू येते. पण शेतकऱ्याच्या मनातला मूळ प्रश्न काही चुकीचा नव्हता. नवे अवजार रानात घालण्यापूर्वी ते काय बिघडवील, हे त्याने विचारले. उत्तर चुकले, प्रश्न रास्त होता.

आज हाच प्रश्न एका निराळ्या अवजाराविषयी विचारायचा आहे. ते अवजार म्हणजे संगणकाची भाषा.

समजा, पलूसमधल्या एखाद्या पतसंस्थेने ठरवले की सभासदांना घरबसल्या आपले खाते पाहता यावे, म्हणून संस्थेचे संकेतस्थळ करायचे. गावातली तीन शिकलेली पोरं बोलावली. एक म्हणाला, जावा घ्या. दुसरा म्हणाला, पीएचपी घ्या, काम स्वस्तात होईल. तिसरा म्हणाला, आता रस्टशिवाय सुरक्षित काही नाही. पंचमंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली आणि शेवटी म्हणाली, “गुरुजींना विचारा.” तर मंडळी, गुरुजींनी काय सांगावे? संस्थेत द्राक्षबागाईतदाराची ठेव आहे, कुणाचे कर्ज आहे, प्रत्येकाचा फोन नंबर आहे. चुकीच्या दारातून चोर आत शिरला, तर नुकसान भाषा निवडणाऱ्याचे होत नाही, सभासदाचे होते. म्हणून थोडा मागचा इतिहास पाहू. त्यातच उत्तर आहे.

प्रथम संगणकाची स्मरणशक्ती कशी असते ते सांगतो. ती एखाद्या शिवारासारखी असते. सगळ्या शिवाराचे लहान लहान तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकड्याला गट नंबर. या गटात सभासदाचे नाव, शेजारच्या गटात त्याची शिल्लक, पलीकडच्या गटात संस्थेचा परवलीचा शब्द. आता नावासाठी वीस अक्षरांची जागा राखली आहे आणि कुणी तीस अक्षरे लिहिली, तर जादा दहा अक्षरे कुठे जातील? बांध ओलांडून शेजाऱ्याच्या गटात. बांध कोरणे म्हणजे काय, ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. कोर्टातले निम्मे भांडण त्याच्यावरच चालते म्हणा ना!

संगणकाच्या जगात हा बांध कोण राखणार, या एका प्रश्नाभोवती साठ वर्षांचा इतिहास फिरला आहे.

१९६० च्या सुमारास इंग्लंडात टोनी होअर नावाचा तरुण एलियट कंपनीच्या संगणकासाठी अल्गोल ही भाषा बसवीत होता. त्याने असे केले की आज्ञावली जेव्हा जेव्हा एखाद्या यादीतल्या गटाला हात लावील, तेव्हा तेव्हा यंत्राने आधी हद्द तपासावी. गट हद्दीबाहेरचा असेल तर काम तिथेच थांबवावे. यात थोडा वेळ जाई. पुढे गिऱ्हाइकांना विचारले, की ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ काय? गिऱ्हाइकांनी एकमुखाने सांगितले, नको. १९८० साली संगणकशास्त्रातले सर्वांत मानाचे ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना होअर यांनी ही हकीकत सांगितली आणि वर अशी खंत व्यक्त केली की भाषा रचणारे अजून हा धडा शिकलेले नाहीत.

का शिकले नव्हते? कारण त्या काळी स्मरणशक्ती सोन्याच्या मोलाची होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा, आपल्या देशात घडवलेला संगणक चालू झाला. त्याची मुख्य स्मरणशक्ती अवघी २०४८ शब्दांची. आजच्या साध्या फोनमधले एक छायाचित्रसुद्धा त्यात मावले नसते. इतक्या लहान कोठारात पहारेकऱ्यालाच जागा द्यायची, तर धान्य ठेवायचे कुठे? अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी सी ही भाषा तयार केली, ती अशाच काटकसरीच्या दिवसांत. सी मोठी चलाख, वेगवान, थोडक्यात पुष्कळ सांगणारी. पण तिने हद्दीचे दगड रोवले नाहीत. बांध सांभाळण्याचे काम तिने लिहिणाऱ्या माणसावर सोपवले. माणूस हुशार असेल, जागा असेल, तर ठीक. पण माणूस दमतो, घाई करतो, चुकतो.

आणि चुकला! २ नोव्हेंबर १९८८ या दिवशी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक आज्ञावली जाळ्यात सोडली. ती एका यंत्रातून दुसऱ्यात आपण होऊन शिरत असे. तिला शिरायला दोनतीन वाटा होत्या. त्यांतली एक अशी, की सीमध्ये लिहिलेली एक जुनी सेवा बाहेरून आलेली ओळ किती लांब आहे हे न पाहताच पोटात घेत असे. मॉरिसच्या आज्ञावलीने जागेपेक्षा लांब ओळ पाठवली, बांध फुटला, आणि जादा अक्षरांनी शेजारच्या गटात जाऊन यंत्राचा लगामच हाती घेतला. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० यंत्रे या कामी आडवी झाली.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. पुढे लोक शहाणे झाले असतील. ऐका तर मग. संकेतस्थळाच्या पत्त्याजवळ कुलपाचे चित्र दिसते, ते तुम्ही पाहिले असेल. त्या कुलपामागे पुष्कळ ठिकाणी ओपनएसएसएल नावाची आज्ञावली असते. तीही सीमध्ये लिहिलेली. ७ एप्रिल २०१४ रोजी तिच्यातली एक चूक जाहीर झाली. दोन यंत्रे एकमेकांना “जागा आहेस ना?” असे विचारतात. एक यंत्र एक शब्द पाठवते आणि म्हणते, “हा एवढ्या अक्षरांचा शब्द परत म्हणून दाखव.” लबाडाने शब्द पाठवायचा तीन अक्षरी आणि सांगायचे की हजारो अक्षरे परत दे. दुसरे यंत्र मोजून न पाहता तीन अक्षरे देई आणि उरलेली शेजारच्या गटांतून उचलून देई. त्यात कुणाचा परवलीचा शब्द जाई, कुणाची गुप्त किल्ली जाई. ही चूक दोन वर्षे उघड्या रस्त्यावर पडली होती आणि जगातल्या शहाण्यासुरत्या माणसांच्या ध्यानात आली नव्हती. दुरुस्ती केवढी? जेवढे आले तेवढेच परत द्यावे, एवढी एक तपासणी.

याचे तात्पर्य असे, की माणसाच्या सावधपणावर बांध सोडला, तर केव्हा ना केव्हा तो फुटतोच. हुशारीचा इथे प्रश्नच नाही.

आता दुसरा धागा. १९९५ हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आणि मौज अशी, की आजही संकेतस्थळांचा गाडा ओढणाऱ्या तीन भाषा त्याच वर्षी जगापुढे आल्या: जावा, पीएचपी आणि जावास्क्रिप्ट.

जावाने होअरचा पहारेकरी परत आणला. आज्ञावली चालू असताना प्रत्येक गटाची हद्द तपासली जाते. जादा पाऊल पडले की काम थांबते. पायथन, सी-शार्प, गो याही याच वळणाच्या भाषा. यंत्रे आता मोठी झाली होती, पहारेकऱ्याला जागा देणे परवडू लागले होते.

पीएचपीचा जन्म मात्र घरगुती. रासमस लर्डॉर्फ या गृहस्थाने स्वतःच्या संकेतस्थळापुरती ती अवजारे केली आणि १९९५ च्या जूनमध्ये लोकांना दिली. शिकायला सोपी, म्हणून ती रानभर पसरली. तिच्यात बांध कोरण्याचे भय नव्हते; पण भोळेपणा फार होता. पाहुण्याने पत्त्याच्या शेवटी एखादा शब्द जोडला, की तो आज्ञावलीच्या आतल्या नोंदीत आपोआप जाऊन बसे. लिहिणारा निष्काळजी असेल, तर चावडीत आलेल्या परक्याने हजेरीपटावर स्वतःच “मी तलाठी” असे लिहावे आणि शिपायाने ते खरे मानावे, तसा प्रकार होई. २००२ साली ही सोय मुळात बंद ठेवण्याचे ठरले आणि २०१२ साली ती समूळ काढून टाकली. म्हणजे पाहा, भाषा सुधारतेही. वीस वर्षांपूर्वीची पीएचपी आणि आजची पीएचपी एका मापाने मोजू नये.

पण संकेतस्थळांबरोबर एक नवीनच चोरी सुरू झाली आणि तिला बांध फोडावा लागत नसे. १९९८ च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा छापून आली. तिचा प्रकार असा. संकेतस्थळावर “आपले नाव लिहा” असा रकाना असतो. तुम्ही नाव लिहिता आणि आज्ञावली आतल्या दप्तरदाराला हुकूम लिहून देते: “अमुक सभासदाचे खाते दाखव.” आता एखाद्या भामट्याने नावाच्या जागी लिहिले, “पाटील यांचे, आणि बाकी सगळ्यांचे”. दप्तरदार बिचारा हुकमाचा ताबेदार! तो सबंध ओळ वाचतो, “पाटील यांचे आणि बाकी सगळ्यांचे खाते दाखव”, आणि सारे दप्तर उघडे करतो. हद्द कुठेच मोडली नाही. मोडले ते एवढेच, की सांगितलेला मजकूर आणि दिलेला हुकूम यांतला फरक राहिला नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. हुकूम आधी पक्का लिहून दप्तरदाराच्या हाती द्यायचा आणि नावाची जागा मोकळी ठेवायची. मग त्या जागेत कुणी काहीही लिहो, दप्तरदार त्याला नावच समजतो, हुकूम समजत नाही. ही सोय जावात आहे, पायथनमध्ये आहे, पीएचपीतही आहे. तरीसुद्धा २०१५ साली इंग्लंडातल्या टॉकटॉक या टेलिफोन कंपनीच्या सुमारे दीड लाख गिऱ्हाइकांची माहिती याच वाटेने गेली. कंपनीने दुसरा एक धंदा विकत घेतला होता, त्याच्याबरोबर आलेली काही जुनी पाने कोपऱ्यात चालू राहिली होती. त्यांच्याकडे कुणी पाहिलेच नव्हते. वापरात नसलेल्या मागच्या दाराला कडी नसावी, तशातली गत.

जावास्क्रिप्टविषयी एकच गोष्ट सांगतो. ती मुख्यतः पाहुण्याच्या यंत्रात, त्याच्या फोनमध्ये चालते. तिथे केलेली तपासणी पाहुण्याच्या सोयीची. संस्थेच्या संरक्षणाची नव्हे. ऊस घालणाऱ्याने वजन घरच्या काट्यावर करून आणले, तरी कारखाना आपल्या काट्यावर गाडी चढवतोच ना? तसे संस्थेच्या यंत्राने प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासली पाहिजे.

आता तिसऱ्या पोराच्या रस्टकडे येऊ. २००६ साली ग्रेडन होअर या आज्ञावलीकाराच्या इमारतीतली लिफ्ट बिघडली. बिघाड यंत्राचा नव्हता, आज्ञावलीचा होता. घर एकविसाव्या मजल्यावर. जिना चढता चढता त्याच्या मनात आले, की अशी चूक मुळात लिहिताच येणार नाही अशी भाषा का असू नये? त्यातून रस्ट निघाली आणि मोझिला या संस्थेच्या आश्रयाने १५ मे २०१५ रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती बाहेर आली. तिची युक्ती आपल्या लोकांना चटकन समजेल, कारण तिचे शब्दच मुळी मालकी आणि उसनवारी हे आहेत. प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक. पाहण्यापुरती ती दहा जणांना द्या, हरकत नाही. पण एकजण तिच्यात फेरफार करीत असेल, तोवर दुसऱ्याने तिला पाहायचेही नाही. तलाठी कार्यालयातल्या दप्तराला याहून चांगला नियम कोणता? आणि ही मालकीची मोजणी रस्टचा अनुवादक, ज्याला कंपायलर म्हणतात, आज्ञावली चालण्यापूर्वीच करतो. पेरणीआधी मोजणी, पेरणीनंतर भांडण नाही. त्यामुळे पहारेकऱ्याचा बराचसा खर्च वाचतो आणि सीइतका वेगही मिळतो.

याचा गुण आला का? आला. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने सांगितले की दर वर्षी आपण सुरक्षेच्या ज्या चुका दुरुस्त करतो, त्यांतल्या शेकडा ७० च्या आसपास बांध कोरण्याच्या जातीच्या असतात. आपल्या बहुतेकांच्या खिशातला फोन अँड्रॉइडवर चालतो. त्यात २०१९ साली अशा चुकांचे प्रमाण शेकडा ७६ होते. २०२४ साली ते २४ वर आले. आणि विशेष हे, की गुगलने सारे जुने काम मोडून पुन्हा लिहिले नाही. जुने चालू ठेवले, त्याची डागडुजी केली, आणि नवे जे लिहायचे ते रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला लागले. जुना वाडा पाडू नका. नवी भिंत मात्र पक्क्या विटेची घाला, असा हा व्यवहार.

मग गुरुजी, सगळेच रस्टमध्ये लिहावे का? थांबा. इतिहासाचे एक पान राहिले आहे. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे नावाच्या एका आज्ञावलीतली चूक उघडकीस आली आणि जगभरच्या कचेऱ्यांची झोप उडाली. ती जावात लिहिलेली; म्हणजे पहारेकरी हजर होता. तिचे काम साधे, घडले ते रोजवहीत टिपून ठेवायचे. पण टिपताना पाहुण्याच्या मजकुरात विशिष्ट खुणेची अक्षरे आली, तर ती त्यांना हुकूम समजे आणि बाहेरून परकी आज्ञावली आणून चालवीत असे. पुन्हा तीच चूक: मजकुराला हुकूम मानणे. हद्दीचे दगड शाबूत होते, आणि चोर राजरोस वेशीतून आत आला. आपल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिथे चोरांनी घातक आज्ञावली घुसवून पैसे देण्याला संमती देणारी खोटी यंत्रणाच मधे उभी केली होती. एवढा मोठा घाला केवळ भाषा बदलून टळतो, असे कुणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तात्पर्य काय? भाषा काही चुका कायमच्या बंद करते. त्या चुका बंद करणारी भाषा हाताशी असताना दुसरी घेणे हा करंटेपणा. पण ज्या चुका भाषेने बंद होत नाहीत, त्यांची राखण माणसालाच करावी लागते. म्हणून पंचमंडळींनी त्या तीन पोरांना चार प्रश्न विचारावेत.

पहिला: हद्द कोण राखतो, भाषा की तू? “मी राखतो” असे उत्तर आले, तर वेशीवरच्या कामासाठी ती भाषा नको. सी तिथे नको, हा याचा अर्थ.

दुसरा: मजकूर आणि हुकूम वेगळे ठेवण्याची वाट या भाषेत सोपी आहे की आडवळणाची? जी वाट सोपी, तीच माणूस घाईत धरतो. म्हणून सोपी वाट हीच सुरक्षित असली पाहिजे. यासाठी सगळे हाताने लिहीत बसण्यापेक्षा त्या भाषेतला नावाजलेला, पुष्कळांनी वापरलेला सांगाडा घ्यावा.

तिसरा: डागडुजी किती वर्षे मिळणार? पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीची डागडुजी १ जानेवारी २०२० पासून थांबली. त्या दिवसानंतर त्यात निघालेली चूक मूळ मंडळी सुधारत नाहीत. नांगर घेताना झिजलेला फाळ कुठे मिळेल हे आपण विचारतो, इथेही विचारावे.

चौथा, आणि आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा: तू नोकरीसाठी पुण्याला गेलास, तर हे कोण सांभाळील? १९९८ साली आपल्या शेजारी वारणेच्या खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत, साखर कारखान्याच्या सभासदांसाठी संगणक केंद्रे काढली होती. योजना मोठी नामांकित. पण काही वर्षांनी गावोगावच्या संगणकांची देखभाल जड वाटू लागली, आणि २००७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशांवर तेच काम करून पाहिले गेले. ते चालले. उत्तम अवजार तेच, जे आपल्याच माणसांना चालू ठेवता येते.

या चार प्रश्नांनी पाहिले, तर पतसंस्थेच्या संकेतस्थळाला जावा चालेल, पायथन चालेल, आजची पीएचपीही नीट सांगाड्यावर बसवली तर चालेल. तिघांतला जो तालुक्यात चार माणसांना येतो, तो घ्यावा. रस्टचे पोर हुशार आहे. त्याच्या हाती वेगाचे, नाजूक, आतले काम द्यावे आणि आणखी दोघांना ते शिकवायला सांगावे. आणि कोणतीही भाषा घेतली, तरी डागडुजीसाठी दर वर्षी अंदाजपत्रकात रक्कम धरावी. तो खर्च वायफळ नव्हे. तो बांधाची दुरुस्ती आहे.

गुरुजनहो, वर्गात एक करून पाहा. फळ्यावर दहा घरे आखा. पहिल्या पाचांत एका मुलाचे नाव, पुढच्या पाचांत त्याचे गुण. मग एका मुलाला आठ अक्षरी नाव लिहायला सांगा आणि कुणीही अडवू नका. गुणांवर अक्षरे चढतील, वर्ग हसेल. तेव्हा विचारा, “याला अडवायला कोण हवे होते?” कुणी म्हणेल, लिहिणाऱ्याने पाहायला हवे होते. कुणी म्हणेल, घरे मोजणारा मॉनिटर हवा होता. आणि एखादी मुलगी म्हणेल, गुरुजी, पाचापेक्षा जास्त अक्षरांचे नाव फळ्यावर येऊच देऊ नका. तिन्ही उत्तरे लिहून ठेवा. पहिले सीचे, दुसरे जावाचे, तिसरे रस्टच्या वळणाचे. साठ वर्षांचा इतिहास एका तासात झाला.

आणि ज्या मुलीने तिसरे उत्तर दिले, तिला पुढे शिकवा. पतसंस्थेला तिची गरज पडणार आहे.